शेठ जमनालाल बजाज

जमनालाल बजाज यांचा जन्म १८८९ साली राजस्थानातील सीकरजवळच्या एका खेड्यात झाला. बालपणीच ते वर्ध्याच्या शेठ बच्छराजांच्या घराण्यात दत्तक आले. त्यांचे शालेय शिक्षण अल्पच झाले. परंतु विद्येचे मोल त्यांनी पुरते ओळखले.

त्या काळी श्रीमंतांच्या स्त्रिया पडद्यात राहत. मग शाळेचे दार त्यांना कोठून दिसणार? लोकनिंदेची पर्वा न करता जमनालालजींनी सुधारणेचा आरंभ स्वतःच्या घरी केला. पत्नी जानकीदेवींनी पडद्याचा त्याग केला. पुढे वर्ध्यात स्त्रीशिक्षणासाठी महिलाश्रम उभा राहिला, त्यालाही त्यांचाच आधार होता. १९४२ साली वर्ध्यातच ते निवर्तले.

मुलांनो, २०२१ साली अफगाणिस्तानात सहावीपुढील मुलींच्या शाळा बंद झाल्या. एकदा उघडलेले दारही पुन्हा मिटू शकते. म्हणून ते जपावे लागते.