डोळ्याच्या तपासणीतला पिवळा डाय आला कुठून? निळीच्या मागे लागलेल्या बायर यांची गोष्ट

मधुमेहाच्या रुग्णाला डोळ्यांचे डॉक्टर अनेकदा 'एफएफए' ही तपासणी लिहून देतात. हाताच्या शिरेत केशरी-पिवळा डाय टोचला जातो. काही सेकंदांत तो डोळ्याच्या पडद्यापर्यंत पोहोचतो आणि कॅमेऱ्याच्या निळ्या प्रकाशात रक्तवाहिन्या हिरव्या-पिवळ्या चमकतात. रक्त कुठे झिरपतंय, कुठे पोहोचतच नाही, ते फोटोत दिसतं. नंतर लघवी गडद पिवळी झाली की रुग्ण घाबरतात. तो हाच डाय असतो, साधारण दीड दिवसात निघून जातो.

या डायचं नाव फ्लोरेसिन. १८७१ मध्ये बर्लिनमध्ये तो पहिल्यांदा तयार केला आडॉल्फ बायर यांनी. ते डॉक्टर नव्हते, रसायनशास्त्रज्ञ होते. (अ‍ॅस्पिरिनवाली बायर कंपनी मात्र वेगळ्या बायर यांची. जर्मन स्पेलिंगही वेगळं आहे.)

तेराव्या वर्षी नीळ

बायर यांचा जन्म ३१ ऑक्टोबर १८३५ रोजी बर्लिनमध्ये झाला. वडील प्रशियाच्या सैन्यात अधिकारी आणि भूमापनातले तज्ज्ञ. तेराव्या वाढदिवसाला या मुलाने विकत काय घेतलं, तर दोन थालरची नीळ! त्या काळी युरोपात जाणारी बरीचशी नीळ भारतातली असे.

पुढे बुन्सेन आणि केकुले यांच्या हाताखाली शिक्षण झालं. १८६४ मध्ये बार्बिट्युरिक आम्ल तयार केलं. झोपेच्या गोळ्यांचं एक मोठं कुटुंब त्यातूनच निघालं. १८७१ मध्ये थॅलिक अनहायड्राइड फिनॉलबरोबर तापवून फिनॉल्फ्थॅलिन मिळालं. बारावीच्या प्रॅक्टिकलला गुलाबी होणारा तोच थेंब. फिनॉलच्या जागी रिसॉर्सिनॉल घेतल्यावर मिळालं फ्लोरेसिन.

पण ध्यास निळीचाच होता. १८८० मध्ये ती प्रयोगशाळेत तयार झाली, १८८३ मध्ये तिची रचना उलगडली. त्यांची पद्धत कारखान्याला परवडणारी नव्हती. १८९७ मध्ये बीएएसएफने दुसऱ्या पद्धतीने स्वस्त कृत्रिम नीळ बाजारात आणली आणि भारतातल्या निळीचा भाव कोसळला.

बिहारमधल्या गोऱ्या मळेवाल्यांनी हा तोटा खंडवाढ आणि नुकसानभरपाईच्या नावाखाली शेतकऱ्यांवर ढकलला. १९१७ मध्ये गांधीजी चंपारणला गेले, त्यामागे ही पार्श्वभूमीही होती. दोष मळेवाल्यांचा, बायर यांचा नव्हे. तरी १९०५ चं त्यांचं नोबेल सांगताना चंपारण सहसा कुणाला आठवत नाही. बायर यांचं निधनही १९१७ चंच, २० ऑगस्टचं.

नदीतून डोळ्यात

फ्लोरेसिनचा एक मोठा प्रयोग नदीवर झाला. १८७७ मध्ये जर्मनीत डॅन्यूबचं पाणी जिथे जमिनीत गडप होतं, तिथे सुमारे १० किलो डाय ओतला. अडीच दिवसांनी आख गावचा झरा हिरवा झाला. पाण्याची वाट सापडली. १८८२ मध्ये पॉल एर्लिख यांनी डोळ्यातल्या द्रवाचा प्रवाह तपासायला हाच डाय वापरला.

आजची तपासणी उभी केली ती अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठातल्या दोन वैद्यकीय विद्यार्थ्यांनी, हॅरोल्ड नोव्होटनी आणि डेव्हिड आल्विस यांनी. पहिली सुई आल्विसनेच टोचून घेतली. नेत्रविज्ञानाच्या नियतकालिकाने लेख नाकारला. अखेर १९६१ मध्ये तो हृदयविकारांच्या 'सर्क्युलेशन'मध्ये छापून आला.

बिलात काय दिसतं?

अमेरिकेत विम्याच्या बिलावर या तपासणीचा कोड ९२२३५ असतो. त्यात फोटो आणि डॉक्टरांचा अहवाल दोन्ही येतात. २०१७ पासून एक डोळा तपासला काय नि दोन काय, कोड एकदाच लागतो. इंडोसायनिन ग्रीन या दुसऱ्या डायसाठी ९२२४०. एकाच बैठकीत दोन्ही तपासण्या केल्या तर दोन कोड जोडून बिल फुगवता येत नाही, त्यासाठी ९२२४२ हा वेगळा कोड आहे. क्लिनिकमध्ये तपासणी झाली तर फ्लोरेसिनचा खर्च मेडिकेअर तपासणीच्या दरातच धरते. बिलात या डायला स्वतःची ओळ नसते.