विम्बल्डनच्या हिरवळीवर पहिला विजय : लीला राव

सानिया मिर्झाने 2005 साली विम्बल्डनच्या महिला एकेरीत जपानच्या अकिको मोरिगामीला हरवून दुसरी फेरी गाठली, तेव्हा देशभर आनंद झाला आणि तो योग्यच होता. त्याआधी 1998 मध्ये निरुपमा वैद्यनाथनने ऑस्ट्रेलियन स्पर्धेत पहिली फेरी जिंकली होती आणि ग्रँड स्लॅमच्या मुख्य फेरीत सामना जिंकणारी पहिली भारतीय महिला म्हणून तिचा गौरव झाला होता. व्यावसायिक खेळाडूंना मुक्त प्रवेश मिळाला त्या 1968 सालापासून मोजले, तर तो मान निरुपमाचाच. मात्र मोजणीची रेघ थोडी मागे सरकवली की मान एका मराठी घरातील मुलीकडे जातो. तिने विम्बल्डनवर सामना जिंकला तो 1934 साली, सानियाच्या 71 वर्षे आधी. तिचे नाव लीला राव.

ज्या घराण्याची लीला राव या नात होत्या, ते मूळचे आपल्या शेजारचे. बेळगावहून आंबोलीचा घाट उतरून सावंतवाडीकडे जाताना ज्या मुलखात आपण पोचतो, त्या जुन्या सावंतवाडी संस्थानातील बांबुळी हे या पंडित घराण्याचे गाव. वेंगुर्ले बंदर आणि बेळगाव यांना जोडणाऱ्या रस्त्याने शतकभर माल आणि माणसे वरखाली केली. त्याच टापूतून विद्येच्या ओढीने बाहेर पडलेल्या कुटुंबांपैकी हे एक. विजयालक्ष्मी पंडित यांचे पती आणि राजतरंगिणीचे इंग्रजी भाषांतरकार रणजित पंडित हेही याच घराण्यातले.

लीलाबाईंचे आजोबा शंकर पांडुरंग पंडित यांचे नाव संस्कृतच्या अभ्यासकांना आजही परिचित आहे. कालिदासाचे रघुवंश, मालविकाग्निमित्र आणि विक्रमोर्वशीय, वाक्पतीचे प्राकृत काव्य गउडवहो आणि सायणभाष्यासह अथर्ववेद या ग्रंथांच्या त्यांनी सिद्ध केलेल्या आवृत्त्या अभ्यासकांच्या कपाटात दीर्घकाळ राहिल्या. मराठी वाचकांवर त्यांचे वेगळेच ऋण आहे. विष्णु परशुराम शास्त्री पंडित यांच्यासह त्यांनी तुकारामांच्या अभंगांची जी गाथा संपादित केली, ती इंदुप्रकाश छापखान्यातून बाहेर पडली आणि गाथेच्या पुढील सर्व आवृत्त्यांना तिची दखल घ्यावी लागली. उतारवयात ते पोरबंदर संस्थानचे प्रशासक होते. भारतभ्रमणावर निघालेले स्वामी विवेकानंद त्यांच्याकडे मुक्कामाला राहिले, ते या काळात. 1894 साली शंकर पंडित वारले, तेव्हा त्यांची मुलगी क्षमा अवघी तीन वर्षांची होती.

क्षमाबाईंचा जन्म पुण्यात 4 जुलै 1890 रोजी झाला. वडिलांचा सहवास त्यांना जवळजवळ मिळालाच नाही. मिळाला तो त्यांच्या ग्रंथांचा वारसा. पुढे त्यांचा विवाह मुंबईचे नामांकित डॉक्टर राघवेंद्र राव यांच्याशी झाला. डॉक्टर राव हे केवळ रोगी तपासणारे डॉक्टर नव्हते. रोगजंतूंच्या संशोधनात त्यांनी काम केले होते आणि युरोपातील शास्त्रज्ञांशी त्यांचा संबंध होता. या घरात 19 डिसेंबर 1911 रोजी लीला यांचा जन्म झाला.

त्या वेळच्या मुंबईत टेनिस हा साहेबांचा, पारशी श्रीमंतांचा आणि संस्थानिकांचा खेळ समजला जाई. पुणे, बेळगाव यांसारख्या छावणीच्या गावांतही तो कॅम्पातील क्लबच्या कुंपणाआड चाले. गावातली मुले पाहत ती कुंपणाबाहेरून. स्त्रियांच्या बाबतीत हे कुंपण आणखी उंच होते. मराठी मध्यमवर्गीय घरात मुलीने शाळा पूर्ण करणे हीच मोठी गोष्ट, तेथे पुरुषांच्या देखत धावून चेंडू मारणे दूरच राहिले. अशा काळात क्षमाबाई स्वतः रॅकेट घेऊन कोर्टावर उतरत आणि स्पर्धांतूनही खेळत. लीलाबाईंना खेळासाठी घराशी भांडावे लागले नाही, त्यांनी रॅकेट आईच्याच हातात पाहिली. पैसा आणि मोकळीक या दोन्ही गोष्टी त्यांच्या वाट्याला आल्या होत्या हे मान्य केले पाहिजे. मात्र तेवढी मोकळीक असलेली घरे मुंबईत आणखीही होती. त्या घरांतील मुली विम्बल्डनला पोचल्या नाहीत.

1931 साली, वयाची विशी ओलांडण्यापूर्वी, लीला राव यांनी अखिल भारतीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात लेना मॅकेन्ना यांना हरवून महिला एकेरीचे विजेतेपद मिळवले. तोवर या देशातील महिला टेनिसवर युरोपीय आणि अँग्लो-इंडियन खेळाडूंचे वर्चस्व होते. बंगालची जेनी सँडिसन ही त्यांतली अग्रगण्य. विम्बल्डनमध्ये खेळण्याचा मान लीलाबाईंच्या आधी जेनीने मिळवला होता, हे येथे नोंदवायला हवे. लीलाबाईंनी मिळवला तो विजयाचा मान.

1934 चे विम्बल्डन इंग्रजांच्या स्मरणात वेगळ्या कारणाने आहे. त्या वर्षी पुरुष एकेरी फ्रेड पेरीने आणि महिला एकेरी डोरोथी राऊंडने जिंकली. दोन्ही अजिंक्यपदे इंग्लंडच्या खेळाडूंकडे गेली. त्या उत्सवी गर्दीत बाहेरच्या एका कोर्टावरील पहिल्या फेरीचा सामना कोणाच्या फारसा ध्यानात राहण्याचे कारण नव्हते. बोटीने समुद्र ओलांडून आलेल्या, 22 वर्षांच्या लीला राव यांच्यासमोर होती इंग्लंडचीच ग्लॅडिस साऊथवेल. मुंबईच्या कोरड्या, कडक कोर्टावर ज्याचा हात बसला आहे, त्याला विम्बल्डनची ओलसर हिरवळ सुरुवातीला फसवते. चेंडू अपेक्षेइतका उसळत नाही, घसरत पुढे येतो आणि गुडघ्यात वाकल्याशिवाय रॅकेट त्याच्याखाली जात नाही. पहिला सेट लीलाबाईंनी 4–6 असा गमावला.

दुसरा सेट हा या सामन्याचा गाभा. टायब्रेकरची सोय विम्बल्डनवर आली ती 1971 साली. त्याआधी सहा-सहा गेम झाले की दोन गेमची आघाडी मिळेपर्यंत खेळत राहणे एवढाच मार्ग असे. एक सेट मागे असलेल्या खेळाडूला अशा लांबलेल्या सेटमध्ये एकच चूक स्पर्धेबाहेर नेते. तो सेट 10–8 पर्यंत चालला आणि लीला राव यांनी जिंकला. त्यानंतर प्रतिस्पर्ध्याचा जोर ओसरला असावा, कारण निर्णायक सेट 6–2 असा सहज सुटला. विम्बल्डनच्या एकेरीत भारतीय महिलेचा पहिला विजय तो हा.

दुसऱ्या फेरीत त्यांची गाठ फ्रान्सच्या इडा अदामॉफशी पडली. ही मूळची रशियन, पुढच्याच वर्षी फ्रेंच स्पर्धेत महिला दुहेरीची अंतिम फेरी गाठणारी कसलेली खेळाडू. (पुढे तिने क्लोद बुर्दे या फ्रेंच पत्रकाराशी विवाह केला आणि हिटलरविरोधी लढ्यातील एका प्रमुख कार्यकर्त्याची पत्नी म्हणून तिचे नाव वेगळ्याच इतिहासात गेले.) लीलाबाईंनी तिला तिसऱ्या सेटपर्यंत झुंजवले आणि मगच हार पत्करली. 1935 साली त्या पुन्हा विम्बल्डनला खेळल्या, पण पहिल्याच फेरीत एव्हलिन डिअरमनकडून पराभूत झाल्या.

दोन वर्षे, तीन सामने, एक विजय. आकडे एवढेच आहेत आणि ते फुगवण्याचे कारण नाही. लीला राव या जगातील अव्वल खेळाडूंच्या पंक्तीत बसल्या नाहीत. पण त्या काळच्या खेळाडूमागे आजच्यासारखा प्रशिक्षक नसे, वैद्य नसे, प्रायोजक नसे, बक्षिसाची रक्कम नसे. विम्बल्डनला जाण्याचा खर्च आपला, वेळ आपला; जिंकले तर चषक, हरले तर परतीची बोट. भारतातील खेळाडूला युरोपातील सामन्यांचा सराव मिळणे त्याहून दुर्मीळ. मायदेशी मात्र त्यांचा दबदबा टिकला. 1931 नंतर 1943 पर्यंतच्या काळात अखिल भारतीय अजिंक्यपदावर त्यांचे नाव पुन्हा पुन्हा कोरले गेले. या काळातील महत्त्वाची वर्षे महायुद्धात गेली. 1940 ते 1945 विम्बल्डन भरलेच नाही, आणि युद्ध संपले तेव्हा लीलाबाई चौतिशीकडे झुकल्या होत्या.

लेक रॅकेट घेऊन उभी होती त्याच वर्षांत आई एका निराळ्याच साहसात गुंतली होती, आणि ते समजून घेतल्यावाचून लीलाबाईंचे पुढचे आयुष्य उलगडत नाही. गांधीजींनी अध्यक्षस्थान भूषवलेले काँग्रेसचे एकमेव अधिवेशन 1924 च्या डिसेंबरात बेळगावात भरले, हे सीमाभागातील वाचकाला सांगायला नको. त्यानंतर काही वर्षांनी मिठाच्या सत्याग्रहाने देश हलला. क्षमाबाईंनी त्या लढ्याची कथा संस्कृतात, भगवद्गीतेप्रमाणे अठरा अध्यायांत आणि अनुष्टुभ छंदात रचली. इंग्रजी अमलात असा ग्रंथ येथे छापणे अवघड होते. सत्याग्रहगीता 1932 साली प्रसिद्ध झाली ती पॅरिसमध्ये. साहेबाच्या क्लबातला खेळ खेळणाऱ्या घरातून साहेबाच्या राज्याविरुद्धच्या लढ्याचे काव्य बाहेर पडले, आणि ते देवभाषेत! जुन्या शास्त्रीमंडळींना तो विषय पचणे कठीण आणि नव्या शिक्षितांना ती भाषा. क्षमाबाईंनी दोघांचीही पर्वा केली नाही.

1933 च्या कथापंचकात त्यांनी बालविधवेसारखे विषय संस्कृत पद्यात आणले. शंकरजीवनाख्यान या काव्यात त्यांनी स्वतःच्या वडिलांचे चरित्र लिहिले. ज्या वडिलांचा चेहराही त्यांना धड आठवत नसेल, त्यांचे. मग मीरालहरी, तुकारामचरित, रामदासचरित असे ग्रंथ येत गेले. वडिलांनी तुकारामांची गाथा शुद्ध करून छापली होती, मुलीने तुकारामांचे चरित्र संस्कृतात नेले. पंडिता ही उपाधी त्यांना विद्वानांनी दिली आणि पंडिता क्षमा राव याच नावाने त्या ओळखल्या जातात.

लीलाबाईंचा विवाह 1943 साली सनदी अधिकारी हरीश्वर दयाळ यांच्याशी झाला. स्वातंत्र्यानंतर दयाळ परराष्ट्र सेवेत गेले आणि सिक्कीममध्ये भारताचे राजकीय अधिकारी झाले. गंगटोकच्या निवासस्थानात मुंबईची ही टेनिसपटू गेली, ती केवळ पाहुण्यांची सरबराई करण्यासाठी नव्हे. तोपर्यंत नृत्याच्या अभ्यासाने त्यांना पुरते ओढून घेतले होते. 1948 साली भरतनाट्यमवरील त्यांचा नृत्तमंजरी हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. मणिपुरी नृत्यावरही त्यांनी पुस्तक लिहिले आणि पुढे नाट्यचंद्रिका हा ग्रंथ सिद्ध केला. शास्त्रग्रंथातील व्याख्या, हातापायांची ठेवण आणि प्रत्यक्ष नर्तकाचे शरीर यांचा मेळ घालणारे हे लेखन. पायांची जागा अर्ध्या वितीने चुकली तर काय होते, हे कोर्टावर वर्षानुवर्षे घाम गाळलेल्या व्यक्तीला इतरांपेक्षा अधिक कळत असणार. त्यांच्या या ग्रंथांचा उल्लेख टेनिसच्या इतिहासात येत नाही आणि टेनिसचा उल्लेख नृत्याच्या ग्रंथसूचीत येत नाही. एका बाईची अशी दोन कपाटांत वाटणी झाली आहे.

22 एप्रिल 1954 रोजी क्षमाबाईंचे निधन झाले. मागे बरेच लेखन उरले होते. सत्याग्रहाच्या काव्यमालेतील तिसरा भाग, स्वराज्यविजय, त्यांच्या पश्चात 1962 साली छापून निघाला. या मालेतला दुसरा, उत्तरसत्याग्रहगीता, 1948 चा. ज्या लढ्याच्या वर्णनाने आरंभ केला त्याच्या विजयाचे काव्य आईने पुरे केले होते, पण ते पुस्तकरूपाने पाहणे तिच्या नशिबी नव्हते.

हरीश्वर दयाळ नंतर नेपाळात भारताचे राजदूत झाले. 1964 साली, त्या पदावर असतानाच, एव्हरेस्टच्या पायथ्याकडील खुंबू भागाच्या दौऱ्यावर त्यांना मृत्यूने गाठले. या पतीच्या नोकरीनिमित्त देशोदेशी फिरताना लीलाबाईंनी एक काम हाती धरले होते: आईच्या संस्कृत कथांना रंगभूमीवर आणणे. बालविधवा, होलिकोत्सव अशा कथांची त्यांनी संस्कृत नाटके केली; तुकारामांच्या आणि ज्ञानेश्वरांच्या चरित्रांनाही नाट्यरूप दिले. पुढे स्वतंत्र विषयही घेतले. जयन्तु कुमाउनीयाः हे त्यांचे नाटक कुमाऊँच्या सैनिकांच्या शौर्याचे आहे. कथेतले निवेदन गाळून पात्रांच्या तोंडी सोपी, बोलता येईल अशी संस्कृत घालायची, असा हा उद्योग होता. लांब समासांवर पोसलेल्या संस्कृत नाटकाच्या परंपरेत तो सोपा नव्हता.

आजोबांनी मालविकाग्निमित्राची आणि विक्रमोर्वशीयाची शुद्ध प्रत सिद्ध केली, त्याला तोवर जवळजवळ शतक लोटत आले होते. त्या संहितांना त्यांनी पाठभेद लावले होते. नात त्याच भाषेत नवी नाटके लिहीत होती, आणि तिच्या रंगमंचावर कालिदासाच्या राजाराण्यांऐवजी केशवपनाला सामोरी जाणारी कोवळी विधवा, देहूचा वाणी आणि पहाडी मुलखातले शिपाई उभे होते.