एमिल फिशर : अठरा कड्यांची साखळी

जर्मनीतील ऑयस्किर्शेन या गावी ९ ऑक्टोबर १८५२ रोजी एका सधन व्यापाऱ्याच्या घरी एमिल फिशर यांचा जन्म झाला. मुलाने व्यवसाय सांभाळावा, ही वडिलांची इच्छा. पण व्यापारात त्यांचे मन रमेना. अखेर वडिलांनी आग्रह सोडला. बॉनमध्ये काही काळ शिकून फिशर स्ट्रासबुर्गला गेले आणि १८७४ मध्ये बायर यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी डॉक्टरेट मिळविली.

पुढच्याच वर्षी त्यांनी फेनिलहायड्राझीन शोधून काढले. या द्रव्याच्या साहाय्याने शर्करांच्या रचनेचे कोडे उलगडले. मात्र त्याच्याच विषाने त्यांची प्रकृती ढासळली. १८९५ मध्ये पत्नी आग्नेस तीन लहान मुलगे मागे ठेवून निवर्तल्या. फिशर यांनी काम थांबविले नाही. शर्करा आणि प्युरिन यांवरील संशोधनासाठी १९०२ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले.

तोवर त्यांचे लक्ष प्रथिनांकडे वळले होते. प्रथिनांचे विघटन केल्यास अमिनो आम्ले मिळतात, हे ज्ञात होते. ती परस्परांशी जोडलेली कशी असतात, हा प्रश्न होता. एका आम्लाचा कार्बॉक्सिल गट दुसऱ्याच्या अमिनो गटाशी जुळतो आणि पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो, असे फिशर यांनी १९०२ मध्ये मांडले. हॉफमाइस्टर हेही स्वतंत्रपणे त्याच निष्कर्षाला पोहोचले होते. हाच पेप्टाइड बंध. १९०१ मध्ये ग्लायसिनच्या दोन रेणूंपासून आरंभ करून १९०७ पर्यंत फिशर यांनी अठरा अमिनो आम्लांची साखळी सिद्ध केली.

पेशी हेच काम कसे करते, हे कळायला आणखी अर्धशतक लागले. संदेशवाहक आरएनएवरील तीन-तीन अक्षरांचे संकेत रायबोसोम वाचतो, वाहक आरएनए त्या-त्या संकेताचे अमिनो आम्ल आणून देतो आणि साखळी वाढत जाते. जीवाणूच्या पेशीत हा वेग सेकंदाला सुमारे पंधरा ते वीस आम्लांचा असतो. फिशर यांच्या कित्येक वर्षांच्या परिश्रमाचे फळ पेशी एखाद्या सेकंदात हातावेगळे करते. परंतु जोड तोच, त्यांनी ओळखलेला.

पहिल्या महायुद्धाच्या काळात त्यांचे दोन मुलगे गेले. १५ जुलै १९१९ रोजी बर्लिनमध्ये फिशर यांचे निधन झाले. उरलेला मुलगा हेर्मान पुढे जीवरसायनशास्त्रज्ञ झाला.