पंखांचे शास्त्र भारतात आणणारे डॉ. घाटगे

लोहगावच्या हवाई तळामुळे सुखोई-३० एमकेआय विमानांची घरघर खराडीकरांच्या परिचयाची झाली आहे. २००२ मध्ये ही विमाने हवाई दलात दाखल झाली ती लोहगाव येथेच. त्यांच्या मुख्य पंखांच्या पुढे लहान पंखांची एक जोडी असते. तिला कनार्ड म्हणतात. विमानाने नाक फार वर उचलले की पंखावरचा हवेचा प्रवाह पृष्ठभागापासून सुटतो आणि पंखाची उचल घटते. कनार्डमागे निर्माण होणारे भोवरे हा प्रवाह अधिक काळ पंखाला धरून ठेवतात, त्यामुळे विमान चपळाईने वळते. मात्र पुढील पंखामुळे स्थैर्य कमी होते आणि ते संगणकाला सांभाळावे लागते.

पंखावरील प्रवाह का सुटतो, याचा उलगडा जर्मन शास्त्रज्ञ लुडविग प्रांटल यांनी १९०४ मध्ये केला. पुढे गॉटिंगेन येथे त्यांच्याच मार्गदर्शनाखाली डॉक्टरेट मिळवून हे शास्त्र मायदेशी आणणारे मराठी अभियंते म्हणजे डॉ. विष्णू माधव घाटगे.

२४ ऑक्टोबर १९०८ रोजी जन्मलेले घाटगे परतले तेव्हा देशात विमाने उडत होती, पण ती सारी परदेशी आरेखनाची. वालचंद हिराचंद यांनी १९४० मध्ये बंगळूर येथे विमान कारखाना उभारला. तेथे घाटगे यांनी सैनिकवाहू ग्लायडरचे आरेखन केले. बंगळूरच्या विज्ञान संस्थेत १९४२ मध्ये विमानविद्येचा विभाग सुरू झाला, तेव्हा अध्यापनाची जबाबदारीही त्यांनी पेलली. एक विमान बनवण्यापेक्षा विमाने घडवणारी माणसे तयार करणे त्यांना अधिक निकडीचे वाटत असावे.

ऑगस्ट १९५१ मध्ये त्यांच्या चमूचे एचटी-२ हे प्रशिक्षण विमान आकाशात झेपावले. वैमानिकांच्या अनेक पिढ्या त्यावर घडल्या आणि घानानेही ते विकत घेतले. ४ सप्टेंबर १९६४ रोजी किरण या जेट प्रशिक्षण विमानाने पहिले उड्डाण केले. १९६५ मध्ये घाटगे यांना पद्मश्री मिळाली.

याच कारखान्यात जर्मन अभियंते कुर्ट टँक यांच्या नेतृत्वाखाली मागे झुकलेल्या पंखांचे मरुत हे लढाऊ विमान साकारले. १७ जून १९६१ रोजी ते प्रथम उडाले. पंख उत्तम होते, परंतु पुरेशा शक्तीचे इंजिन शेवटपर्यंत मिळाले नाही. परावलंबनाची ही किंमत होती.

६ डिसेंबर १९९१ रोजी घाटगे यांचे निधन झाले. ४ जानेवारी २००१ रोजी तेजसने पहिली झेप घेतली. त्याच्या आरेखनकारांनी कनार्ड टाळून त्रिकोणी पंखांची रचना स्वीकारली. ती योग्य की अयोग्य, यावर तज्ज्ञ खुशाल वाद घालोत. कोणता पंख घ्यायचा हे भारतीय अभियंत्यांनी स्वतः ठरवले. त्या निर्णयक्षमतेची पायाभरणी घाटगे यांच्या पिढीने केली होती.