हंसाबेन मेहता : वडोदरा विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरू

१४ ऑगस्ट १९४७ च्या मध्यरात्री, संविधान सभेत भारतीय स्त्रियांच्या वतीने राष्ट्रध्वज अर्पण करणाऱ्या हंसाबेन मेहता अनेकांना ठाऊक असतात. मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातील पहिल्या कलमात केवळ पुरुषवाचक शब्द राहू नये, तेथे सर्व मानव अभिप्रेत व्हावेत, असा आग्रह संयुक्त राष्ट्रांच्या आयोगात त्यांनी धरला, हेही अलीकडे वारंवार सांगितले जाते. या दोन प्रसंगांच्या तेजात त्यांचे वडोदऱ्यातील नऊ वर्षांचे काम मात्र झाकोळून गेले आहे.

३ जुलै १८९७ रोजी जन्मलेल्या हंसाबेन मेहता यांना विद्येचा वारसा घरातूनच लाभला. आजोबा नंदशंकर हे गुजरातीतील पहिली कादंबरी मानल्या जाणाऱ्या ‘करण घेलो’चे कर्ते, तर वडील मनुभाई तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक व पुढे वडोदरा संस्थानाचे दिवाण. ज्या संस्थानाने १९०६ साली सक्तीचे प्राथमिक शिक्षण सर्वत्र लागू केले, त्याच्या राजधानीत ही मुलगी वाढली. तत्त्वज्ञान घेऊन त्या पदवीधर झाल्या आणि पत्रकारिता व समाजशास्त्र शिकण्यासाठी लंडनला गेल्या. १९२४ साली डॉ. जीवराज मेहता यांच्याशी त्यांनी विवाह केला. वधू नागर ब्राह्मण आणि वर वैश्य, तेव्हा ज्ञातीत वादळ उठणे ठरलेलेच होते. सयाजीराव महाराजांनी मात्र या विवाहाला पाठबळ दिले. पुढे सविनय कायदेभंग, परदेशी कापडाच्या दुकानांवरील निदर्शने आणि तुरुंगवास हा त्या पिढीचा परिचित मार्ग त्यांनीही चोखाळला.

वडोदऱ्याला स्वतःचे विद्यापीठ असावे, ही सयाजीरावांची जुनी इच्छा होती. ती फळाला आली तेव्हा महाराजांना जाऊन दहा वर्षे झाली होती आणि संस्थानाचे अस्तित्वही संपत आले होते. १ मे १९४९ रोजी वडोदरा मुंबई राज्यात विलीन झाले. विद्यापीठ त्याच्या अगदी आदल्या दिवशी अस्तित्वात आले. त्याच्या पहिल्या कुलगुरू म्हणून हंसाबेन आल्या. मुलगे आणि मुली एकत्र शिकतात अशा भारतीय विद्यापीठाच्या प्रमुखपदी तोवर एकही स्त्री बसली नव्हती.

नवे विद्यापीठ कला, विज्ञान आणि कायदा यांवर सहज भागवू शकले असते. येथे त्यांच्या जोडीला शिक्षण व मानसशास्त्र, समाजकार्य, गृहविज्ञान आणि वैद्यक यांनाही स्थान मिळाले. शिक्षक घडविण्याचे काम वडोदऱ्यात १९३५ पासून एका प्रशिक्षण महाविद्यालयात चाललेले होते. त्याचेच रूपांतर शिक्षण व मानसशास्त्र विद्याशाखेत झाले. हा नावातील ‘व’ मला फार महत्त्वाचा वाटतो. ज्या मुलाला शिकवायचे त्याचे मन आधी समजून घेतले पाहिजे, हे त्या एका अक्षराने मान्य केले.

गृहविज्ञानाची गोष्ट अधिक नाजूक आहे. दिल्लीचे लेडी आयर्विन महाविद्यालय १९३२ पासून हा विषय शिकवीत होते. वडोदऱ्यात त्याला स्वतंत्र विद्याशाखेचा दर्जा मिळाला. आहार व पोषण, बालविकास, वस्त्रशास्त्र हे विषय प्रयोगशाळेत शिरले आणि लहान मुलांच्या वाढीचा अभ्यास करण्यासाठी बालवाडीच विद्यापीठाच्या आवारात आली. रुग्णालयातील आहारतज्ज्ञ, बालवाडीच्या शिक्षिका, समाजसेविका अशा पगारी व्यवसायांची वाट त्यातून खुली झाली. पण आक्षेपही तितकाच खरा होता. मुलींना पुन्हा चूल आणि मूलच शिकवायचे, फक्त पदवीचा शिक्का मारून, असे कोणी म्हटले तर त्याला काय उत्तर द्यायचे? विषय स्त्रियांसाठी राखून ठेवला की त्याचे कुंपण होते, ही भीती निराधार नव्हती. आजही आहारशास्त्राच्या वर्गात मुलगे हाताच्या बोटांवर मोजावेत इतकेच दिसतात.

हंसाबेनांचे उत्तर काही वर्षांनी आले. १९५८ साली त्या कुलगुरुपदावरून निवृत्त झाल्या. मुलगे आणि मुली यांचे अभ्यासक्रम वेगळे असावेत काय, हे तपासण्यासाठी १९६२ मध्ये नेमलेल्या समितीच्या त्या अध्यक्ष होत्या. १९६४ च्या अहवालाचा कौल स्पष्ट होता. लिंगावरून अभ्यासक्रमात भेद नको. घर सांभाळण्याचे ज्ञान उपयोगी असेल तर ते दोघांनाही उपयोगी आहे. गृहविज्ञानाला विद्यापीठात मानाचे पान देणारी व्यक्तीच ते केवळ मुलींच्या माथी मारू नका असे सांगत होती. मला तरी यात विसंगती दिसत नाही. ज्या कामाला शास्त्र म्हणून प्रतिष्ठा मिळाली, ते एकाच लिंगाचे कर्तव्य कसे राहील?

या सगळ्या धावपळीत त्यांचे लेखन थांबले नाही. मुलांसाठी त्यांनी पुस्तके लिहिली, वाल्मीकी रामायणातील काही कांडे आणि शेक्सपिअरची नाटके गुजरातीत आणली. १९५९ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. ४ एप्रिल १९९५ रोजी, वयाच्या ९८ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. विद्यापीठाचे मध्यवर्ती ग्रंथालय आज त्यांच्या नावाने ओळखले जाते. गृहविज्ञान विद्याशाखेचे नाव मात्र आता बदलले आहे. ती आता कुटुंब व समुदाय विज्ञान विद्याशाखा म्हणविते.