गळक्या पेनांचा मास्तर : जॉर्ज पार्कर

पार्कर हे एका माणसाचे आडनाव आहे, ही गोष्ट आपल्याकडे बहुतेकांच्या ध्यानातही नसते. मुंजीत, परीक्षेच्या निकालानंतर किंवा निवृत्तीच्या निरोप समारंभात हाती पडणारी ती निमुळती पेटी, टोपणावरचा सोनेरी बाण आणि पेन खिशाला लावताना नकळत ताठ होणारी मान, एवढाच या शब्दाचा आपल्यापुरता अर्थ. शाईच्या पेनांचे जे शौकीन आजही आहेत, त्यांना मात्र हा माणूस ठाऊक असावा. कोणते पेन रोज खिशात बाळगावे, निब किती जाड असावी, कोणती शाई भरावी, हे प्रश्न ते दररोज सकाळी स्वतःला विचारतात. याच प्रश्नांशी पार्कर यांनी जवळजवळ पन्नास वर्षे झुंज घेतली. शाई गळू नये, पण वाहावी. कागदावर चटकन वाळावी, पण निबेत वाळू नये. परस्परविरोधी वाटणाऱ्या या मागण्या हीच त्यांच्या आयुष्याची कहाणी आहे.

जॉर्ज सॅफर्ड पार्कर यांचा जन्म १ नोव्हेंबर १८६३ रोजी अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात, शल्सबर्ग या छोट्या गावी झाला. बालपण आयोवा राज्यातील शेतीवाडीत गेले, पण नांगरामागे आयुष्य घालवण्याचा त्यांचा पिंड नव्हता. रेल्वेचे रूळ जिकडे जात तिकडे तारेचे खांब जात, आणि तारायंत्राचा कट्ट-कडकट्ट वाचता येणाऱ्या तरुणाला नोकरी मिळे, असे ते दिवस. पार्कर विस्कॉन्सिनमधील जेन्सव्हिल येथे व्हॅलेंटाइन बंधूंच्या तारशिक्षण शाळेत दाखल झाले आणि शिक्षण संपल्यावर तेथेच मास्तर झाले.

मास्तरकीचा पगार बेताचा. जोडधंदा म्हणून त्यांनी सिनसिनाटीच्या जॉन हॉलंड कंपनीची फाउंटन पेने आपल्याच विद्यार्थ्यांना विकायला घेतली. गिऱ्हाईक अगदी योग्य होते. तारेवरचा संदेश कुणासाठी थांबत नाही; अक्षरे कानावर पडत जातात आणि हाताने ती उतरवत जायची असतात. टाक दर चार-पाच शब्दांनंतर दौतीत बुडवावा लागे. ज्याच्या पोटातच शाई आहे असे पेन म्हणजे या विद्यार्थ्यांना चैन नव्हती, धंद्याचे हत्यार होते.

दुर्दैव असे की हे हत्यार गळत असे. दोष एकट्या हॉलंड यांच्या मालाचा नव्हता. त्या काळातील बहुतेक पेनांची तीच रड होती. शाई कधी अडे, कधी भसकन बाहेर पडे. बोटे आणि सदऱ्याचा खिसा निळा होई. विद्यार्थी पेने घेऊन मास्तरांकडेच परत येऊ लागले. येथे पार्कर यांच्यापुढे दोन वाटा होत्या. आपण केवळ विकणारे, बनवणारा कोणी दुसराच, असे म्हणून हात झटकता आले असते. दलालीत ते खपूनही गेले असते. पण ज्याला सकाळी वर्गात शिकवायचे, त्यालाच आदल्या दिवशी वाईट वस्तू विकल्याचा संकोच काही औरच. पार्कर यांनी लहानसे लेथ, करवत आणि कानशी विकत घेतल्या आणि संध्याकाळी बसून ते पेने दुरुस्त करू लागले.

दुरुस्ती करताकरता वस्तू आतून कळते. पेन कोठे चुकते, हे समजल्यावर नवे पेन बनवणे ही पुढची पायरी. १८८८ मध्ये त्यांनी आपली कंपनी काढली, १८८९ मध्ये पहिले पेटंट मिळवले. त्या वेळी त्यांचे वय पंचविशीच्या आसपास होते. फाउंटन पेनचा शोध काही पार्कर यांनी लावलेला नाही. लुइस वॉटरमन यांचे प्रसिद्ध पेटंट १८८४ चे आहे. विम्याच्या करारावर शाई सांडल्याने वॉटरमन पेन बनवायला बसले, ही गोष्ट मोठी रंजक खरी. परंतु तिला समकालीन पुरावा मिळत नाही आणि ती जाहिरातीच्या कारखान्यात तयार झाली असावी असा अभ्यासकांचा कयास आहे. त्या मानाने पार्कर यांची हकिकत साधी, म्हणूनच अधिक पटणारी आहे.

भांडवल नव्हते. १८९१ मध्ये डब्ल्यू. एफ. पामर हे विमा व्यावसायिक भेटले आणि हजार डॉलर देऊन निम्म्या हिश्शाचे भागीदार झाले. पुढल्याच वर्षी कंपनी रीतसर नोंदवली गेली.

कंपनीला खरे नाव मिळाले ते १८९४ च्या पेटंटमुळे. निबेखाली जी खाचेची पट्टी असते, जिला शाळकरी मुले जीभ म्हणत, तिच्यातून शाई निबेपर्यंत येते. लिहून झाल्यावर आपण पेन खिशात उभे ठेवतो, तेव्हा या जिभेत थोडी शाई अडकून राहते. शरीराच्या उबेने पेनातील हवा प्रसरण पावते आणि ती अडकलेली शाई वर ढकलून टोपणात सोडते. टोपण काढताच बोटे रंगतात ती या शाईने. पार्कर यांनी जिभेचे आतले टोक वाकवून पेनाच्या आतल्या भिंतीला टेकवले. मग अडकलेली शाई त्या बाकाला धरून, केशाकर्षणाने, आपोआप पोटात परत उतरे. या बाकाला त्यांनी भाग्यवान बाक अशा अर्थाचे ‘लकी कर्व्ह’ हे नाव दिले. तो प्रत्यक्षात किती उपयोगी होता यावर आजचे जाणकार वाद घालतात, आणि १९२० च्या दशकाच्या अखेरीस कंपनीनेही त्याला निरोप दिला. तरी गळतीचे कारण नशीब नसून हवा आहे, हे ओळखून त्यावर उपाय योजणे यातच मास्तरांची बुद्धी दिसते.

यानंतरची वर्षे विस्ताराची. १९०३ मध्ये डेन्मार्कमध्ये विक्रेता नेमला गेला, आणि प्रवासाची आवड असलेले पार्कर देशोदेशी हिंडू लागले. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांसाठी त्यांच्या कंपनीने खंदकात वापरायचे पेन काढले. त्याच्या टोकाच्या कप्प्यात शाईच्या गोळ्या असत. पेनात पाणी भरून गोळी टाकली की शाई तयार. चिखलात बसून घरी पत्र लिहिणाऱ्याला दौत कोठून मिळणार?

सगळ्यात मोठा जुगार १९२१ चा. तोवर फाउंटन पेन म्हणजे काळे, असा जणू नियमच होता. कंपनीचे विक्री अधिकारी लुइस टेबल यांनी सुचवले की, भडक नारिंगी-लाल एबोनाइटचे, दोन्ही टोकांना काळे, जाडजूड पेन काढावे आणि त्याची किंमत सात डॉलर ठेवावी. साधे पेन त्याच्या निम्म्याहून कमी किमतीत मिळत असताना ही सूचना कंपनीत कोणाला फारशी रुचली नाही. तरीही पेन बाजारात आले, ‘ड्युओफोल्ड’ या नावाने, आणि सोबत निबेची पंचवीस वर्षांची हमी घेऊन. लेथवर वाकून विद्यार्थ्यांची पेने फुकट दुरुस्त करणाऱ्या मास्तरांचाच हा शब्द होता, आता छापील झालेला.

ड्युओफोल्ड तुफान खपले. आता गिऱ्हाइकाला निवड करता येऊ लागली. मोठ्या पंजासाठी सीनियर, लहान खिशासाठी ज्युनियर, स्त्रियांसाठी लेडी. निबा बारीक, मध्यम, जाड. १९२६ पासून एबोनाइटच्या जागी हलके सेल्युलॉइड आले आणि त्याबरोबर हिरवा, निळा, पिवळा असे रंगही. पिवळे पेन त्या वेळी फारसे उठले नाही. म्हणूनच आज ते दुर्मीळ आहे आणि संग्राहक त्यासाठी जीव टाकतात! १९४५ मध्ये जपानच्या शरणागतीच्या दस्तऐवजावर जनरल मॅकआर्थर यांनी सह्या करताना जी अनेक पेने वापरली, त्यांतले एक त्यांच्या पत्नीचे जुने नारिंगी ड्युओफोल्ड होते.

पेन सुधारले, तरी त्यात भरायची शाई जुनीच होती. लोहयुक्त निळी-काळी शाई टिकाऊ खरी, पण आम्लधर्मी. तिचा गाळ जिभेच्या खाचा बुजवी आणि ती वाळेपर्यंत टिपकागद हाताशी ठेवावा लागे. पेन बिघडले की दोष शाईचा असला तरी बोल पेनवाल्याला. पार्कर यांच्या कंपनीने काही वर्षे प्रयोगशाळेत खर्चून १९३१ मध्ये ‘क्विंक’ ही शाई आणली. ती केवळ हवेने न वाळता कागदात मुरून वाळे. धुतली जाणारी आणि पक्की असे तिचे दोन प्रकार निघाले. शाळकरी मुलाच्या कपड्यांसाठी एक आणि कचेरीच्या दप्तरासाठी दुसरा, ही निवड आपल्या घरांनीही पुढे अनेक वर्षे केली. योगायोग असा की, याच १९३१ मध्ये मुंबईत दांडेकर बंधूंनी शाईची पूड आणि गोळ्या बनवण्याचा उद्योग सुरू केला. त्यातूनच पुढे उंटाचे चित्र असलेली, आपल्या परिचयाची कॅमल शाई आणि कॅम्लिन कंपनी उभी राहिली.

१९३३ हे वर्ष पार्कर यांना सुखाचे नव्हते. थोरला मुलगा रसेल त्या वर्षी वारला. कारभार धाकट्या केनेथकडे गेला. त्याच सुमारास ‘व्हॅक्युमॅटिक’ हे पेन आले. त्यात रबरी पिशवी नव्हती, आणि पारदर्शक पट्ट्यांतून शाई किती उरली ते दिसे. आपल्या ओळखीचा तो बाणही याच पेनावर प्रथम अवतरला. १९ जुलै १९३७ रोजी शिकागो येथे जॉर्ज पार्कर यांचे निधन झाले.

केनेथ यांच्या कारकिर्दीत १९४१ मध्ये आलेले ‘पार्कर ५१’ वडिलांनी पाहिले नाही. त्याची खास शाई क्षणात वाळत असे, परंतु ती इतकी तीव्र अल्कधर्मी होती की दुसऱ्या पेनात भरली तर त्याचे रबर व सेल्युलॉइड खराब करी. बाटलीवर तशी ताकीदच छापावी लागली. जुने ड्युओफोल्ड रोजच्या वापरात ठेवणारे शौकीन आजही हा धडा विसरत नाहीत. पेन हाती आले की आधी आतली कडक झालेली पिशवी बदलतात. हिरव्या किंवा पिवळ्या पेनात रबराऐवजी सिलिकॉनची किंवा प्लास्टिकची पिशवी घालतात, कारण जुन्या रबरातून सुटणाऱ्या गंधकाच्या वायूने फिकट सेल्युलॉइड काळवंडते. मग त्यात चमकीची नवी शाई नाही, लोहयुक्त शाईही नाही. धुतली जाणारी साधी निळी शाई भरतात, आणि दर काही भरण्यांनंतर पेन साध्या गार पाण्याने धुऊन ठेवतात.