डोळ्याच्या आत डोकावणारं पहिलं यंत्र: हेल्महोल्ट्झ आणि काचबिंदूची गोष्ट

फोनचा फ्लॅश मारून फोटो काढला की कधीकधी डोळे लाल येतात. तो लाल रंग म्हणजे डोळ्याच्या मागच्या पडद्यावरून परत आलेला प्रकाश. मग एरवी डोळ्यातली बाहुली काळीकुट्ट का दिसते? हा प्रश्न हर्मन फॉन हेल्महोल्ट्झ यांनी सोडवला, आणि काचबिंदूचं निदान आज होतं त्याची सुरुवात तिथूनच झाली.

हेल्महोल्ट्झ यांचा जन्म १८२१ साली जर्मनीतल्या पोट्सडॅमचा. वडील शिक्षक. मुलाला फिजिक्स शिकायचं होतं, पण घरी तेवढे पैसे नव्हते. म्हणून सरकारी खर्चाने मेडिकल केलं आणि बदल्यात लष्करात डॉक्टरकी. आपल्याकडच्या भाषेत बॉन्ड! पण फिजिक्स काही सुटलं नाही. लष्करात असतानाच, १८४७ साली, त्यांनी ऊर्जेच्या अक्षय्यतेवरचा प्रसिद्ध निबंध लिहिला. १८४९ मध्ये क्योनिग्सबर्गला शरीरशास्त्राचे प्राध्यापक झाले.

तिथे १८५० च्या अखेरीस वर्गात शिकवायची तयारी करताना त्यांच्या एक गोष्ट लक्षात आली. डोळ्यात शिरलेला प्रकाश ज्या वाटेने आत जातो त्याच वाटेने बाहेर येतो. तो पकडायचा तर आपला डोळा दिव्याच्याच जागी हवा, पण तिथे डोकं नेलं की दिवा झाकला जातो. उपाय साधा होता: काचेच्या पातळ पट्ट्या तिरक्या धरायच्या. बाजूच्या दिव्याचा थोडा प्रकाश त्यांवरून परावर्तित होऊन डोळ्यात जातो, आणि परत येणारा थोडा प्रकाश काचेतून आरपार आपल्यापर्यंत पोचतो. पुठ्ठा, भिंगं आणि मायक्रोस्कोपच्या काचा एवढ्या सामानात त्यांनी आठवडाभरात यंत्र उभं केलं. हाच ऑप्थॅल्मोस्कोप. (कॉम्प्युटरवाले बॅबेज यांनीही १८४७ च्या सुमारास असंच काहीतरी बनवलं होतं, पण ज्या डॉक्टरांना दाखवलं त्यांना त्याचं महत्त्व कळलं नाही.)

बर्लिनचे तरुण नेत्रतज्ज्ञ आल्ब्रेश्ट फॉन ग्रेफे यांनी हे यंत्र लगेच उचललं. काचबिंदूच्या रुग्णांत डोळ्याची नस जिथून सुरू होते ती चकती त्यांना वेगळी दिसली. आधी त्यांना वाटलं ती फुगलीय. एका डोळ्याने पाहताना खोली कळत नाही ना! थोड्याच काळात उलगडा झाला की तिथे खड्डा पडलाय. १८५७ मध्ये त्यांनी बुबुळाचा छोटा तुकडा काढायची शस्त्रक्रिया जाहीर केली. अचानक दाब वाढणाऱ्या काचबिंदूत ती खरंच उपयोगी पडली.

आता हा खड्डा का पडतो ते बघू. डोळ्यात सतत एक पाण्यासारखा द्रव तयार होतो आणि बुबुळाच्या कडेच्या जाळीतून निचरून जातो. जाळी तुंबली किंवा बुबुळाने तिची वाट अडवली की दाब वाढतो आणि नसेचे तंतू मरतात. या नसेत दहा लाखांहून जास्त तंतू असतात. कडेची नजर आधी जाते, दुखत बहुतेक वेळा काहीच नाही, आणि गेलेली नजर परत येत नाही. मोतीबिंदूशी गल्लत करू नका, तो ऑपरेशनने बरा होतो.

माझ्या मते सर्वात धोकादायक समज म्हणजे चष्म्याचा नंबर काढला की डोळे तपासून झाले. नाही! काचबिंदूसाठी दाब मोजावा लागतो, नस पाहावी लागते, कडेच्या नजरेची चाचणी करावी लागते, ओसीटी स्कॅनने तंतूंची जाडी बघावी लागते. नुसता दाबही पुरत नाही, कारण काहींचा दाब नॉर्मल असूनही नस खराब होते. आईबाबा चाळिशीपुढचे असतील, घरात कुणाला काचबिंदू असेल किंवा कुणी डॉक्टरला न विचारता स्टेरॉइडचे थेंब घालत असेल, तर नेत्रतज्ज्ञांकडे घेऊन जाच. फोनच्या कॅमेऱ्यासमोर डोळा धरून हे घरी कळत नाही.

हेल्महोल्ट्झ मात्र डोळ्यापाशी थांबले नाहीत. १८७१ मध्ये ते बर्लिनला अखेर फिजिक्सचे प्राध्यापक झाले. तिथे त्यांचा लाडका विद्यार्थी होता हाइनरिश हर्ट्झ, ज्याने रेडिओ लहरी सिद्ध केल्या. तुमच्या फोनचं नेटवर्क त्याच लहरींवर चालतं. हर्ट्झ १८९४ च्या जानेवारीत अवघ्या छत्तिसाव्या वर्षी गेला. त्याच्या शेवटच्या पुस्तकाची प्रस्तावना गुरूंनी लिहिली, आणि त्याच सप्टेंबरमध्ये तेही गेले.